दोन चौल, एक खाडी

खाडीच्या तोंडाशी लांब सोट रोवायचे, दोन खुंटांच्या मध्ये पिशवीसारखी डोल ताणून बांधायची आणि बाकीचं काम भरती-ओहोटीवर सोडून द्यायचं. पाण्याला ओढ लागली की बोंबील, जवळा, जे काय असेल ते आपसूक जाळ्यात शिरतं. उत्तर कोकणातल्या कोळ्यांची ही जुनी रीत. मार्च १५०८ मध्ये कुंडलिकेच्या मुखाशी, चौलच्या खाडीत, मासेमारीच्या अशाच खुंटांवर एक पोर्तुगीज लढाऊ जहाज जाऊन बसलं. जहाजावर होता लोरेन्सो द आल्मेदा, हिंदुस्थानातल्या पहिल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा.

लोरेन्सो इथे लढायला आलाच नव्हता. कोचीनच्या व्यापारी गलबतांना सोबत करत तो आला होता आणि माल भरेपर्यंत खाडीत नांगर टाकून होता. समुद्राकडून शिडं दिसली तेव्हा त्याच्या माणसांना वाटलं, आपल्याच आल्बुकर्क या कप्तानाची जहाजं येताहेत. निघाली ती इजिप्तची. मसाल्याचा व्यापार तांबड्या समुद्रातून चालायचा, त्याच्या जकातीवर कैरोचा मामलूक सुलतान पोसला जायचा. पोर्तुगीजांनी ती वाट अडवली, म्हणून सुलतानानं सुएझला आरमार बांधलं आणि अमीर हुसेन नावाच्या सरदाराबरोबर ते हिंदुस्थानच्या किनाऱ्याकडे पाठवलं. दोन दिवस तोफा वाजल्या, काही निकाल लागेना. मग दीवचा सुभेदार मलिक अयाझ आपल्या हलक्या होड्यांचा ताफा घेऊन आला आणि पारडं फिरलं.

पोर्तुगीजांनी बाहेर पडायचं ठरवलं. पण लोरेन्सोच्या जहाजाला पाण्याच्या रेषेशी गोळा लागला होता, आत पाणी भरत होतं आणि जड झालेलं जहाज वाहवत जाऊन कोळ्यांच्या खुंटांत अडकलं. बाकीची जहाजं ओहोटीबरोबर निसटली. एका गोळ्यानं लोरेन्सोचा पाय मोडला, तेव्हा त्यानं स्वतःला डोलकाठीपाशी बसवून घेतलं आणि तिथून हुकूम देत राहिला. दुसरा गोळा छातीत बसला. मलिक अयाझनं कैद्यांना नीट वागवलं आणि व्हाइसरॉयला त्याच्या मुलाच्या शौर्याची तारीफ करणारं सांत्वनाचं पत्र पाठवलं. दोन्ही दारं उघडी ठेवणारा माणूस होता तो. बापानं मात्र पत्रावर समाधान मानलं नाही. वर्ष संपता संपता वाटेत लागलेलं दाभोळ जाळलं आणि फेब्रुवारी १५०९ मध्ये दीवसमोर मामलूक आरमाराचा निकाल लावला.

ज्यांच्या खुंटांमुळे ही सगळी उलथापालथ झाली, त्या कोळ्यांची नोंद कुणी ठेवली नाही. नवे सोट रोवायचा खर्च त्यांनाच पडला असणार.

चौल तेव्हाही जुनंच बंदर होतं. पेरिप्लस या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात कल्याणच्या खाली पहिली बाजारपेठ म्हणून 'सेमुल्ला' येतं. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांच्या गावांमध्ये 'चेमुल' आहे. अरबांनी त्याचं 'सैमूर' केलं. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अल मसूदी हा बगदादचा प्रवासी इथे आला, तेव्हा मुलुख राष्ट्रकूटांचा होता आणि त्यांच्या वतीनं झंझ शिलाहार कारभार पाहत होता. मसूदीच्या नोंदीनुसार गावात दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत होते: सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे आणि इथेच जन्मलेले. त्यांचे तंटे त्यांचाच एक मुखिया मिटवायचा आणि त्या मुखियाला नेमायचा हिंदू राजा. अशी सोय केली की परदेशी व्यापारी टिकतो, हे शिलाहारांना कळत होतं.

या बंदरातून जे उतरायचं त्यात सगळ्यांत मोलाचा माल चार पायांचा होता. दख्खनच्या हवेत चांगला घोडा निपजत नाही. बहमनी असोत नाहीतर विजयनगरचे राय, घोडदळ उभं करायचं तर इराण-अरबस्तानातून घोडा आणायचा आणि तो समुद्रानंच आणायचा. पंधराव्या शतकात, १४७० च्या आगेमागे, रशियातल्या त्वेर गावचा अफनासी निकितिन हा व्यापारी हेच गणित मनात धरून होरमुझहून निघाला. मस्कत, दीव, खंबायत करत तो चौलला उतरला तो एक तरणाबांड घोडा घेऊन. पुढे जुन्नरपर्यंत त्या एका घोड्यावर त्याचे शंभर रुबल खर्च झाले. चौलची माणसं अनवाणी, उघड्या अंगानं वावरतात, बायका डोकं झाकत नाहीत, केसांची एकच वेणी घालतात, हे सगळं त्यानं टिपलं. आणखी एक टिपलं. लोक त्याच्याच मागे मागे फिरत होते, गोरा माणूस बघायला. प्रवासी गावाकडे बघतो आणि गाव प्रवाशाकडे, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवणारे प्रवासी थोडे.

चौलहून आठ दिवसांनी पाली, मग घाट चढून जुन्नर. तिथे असदखानानं घोडा काढून घेतला. हा मनुष्य मुसलमान नाही हे कळल्यावर त्यानं अट घातली: धर्म बदल, घोडाही देतो आणि वर हजार मोहरा देतो. मुदत चार दिवसांची. मुदत सरता सरता खुरासानचा एक ओळखीचा गृहस्थ गावात आला, त्यानं खानाला समजावलं आणि घोडा परत मिळवून दिला. पुढे निकितिननं तो बीदरला विकला. परतीच्या वाटेवर, आपल्या गावी पोचण्याआधीच निकितिन वारला. त्याची वही मात्र पोचली. रेवदंड्याच्या एका शाळेच्या आवारात आज त्याच्या नावाचा स्तंभ उभा आहे.

घोडा डोक्यात ठेवला की पुढच्या करारमदाराचा अर्थ लागतो. पोर्तुगीजांनी होरमुझ ताब्यात घेतलं, म्हणजे घोड्याच्या पुरवठ्याचा नळच त्यांच्या हाती आला. आता अहमदनगरच्या निजामशहाला आदिलशहाशी आणि विजयनगरशी भिडायचं तर घोडा हवा आणि घोडा हवा तर फिरंग्याशी जुळवून घ्यायला हवं. १५२१ मध्ये पहिल्या बुऱ्हाण निजामशहानं खाडीच्या मुखाशी, आजच्या रेवदंड्याच्या जागी, पोर्तुगीजांना किल्ला बांधायची परवानगी दिली. आपल्याच बंदराच्या दारात परक्याला घर बांधू देणारा राजा भोळा म्हणावा, असं आज वाटतं. त्याच्या जागी बसून पाहिलं तर त्यानं हिशेब केला होता.

तेव्हापासून चौल दोन झाली. समुद्राकडचं, फिरंग्यांचं, ते खालचं चौल. थोडं आत, खाडीच्या काठानं वर गेलं की निजामशाहीचं वरचं चौल. सप्टेंबर १५२४ मध्ये वास्को द गामा तिसऱ्यांदा हिंदुस्थानात आला, या वेळी व्हाइसरॉय होऊन, तेव्हा त्यानं अधिकाराची सूत्रं हाती घेतली ती याच खालच्या चौलात. तीन महिन्यांनी नाताळच्या आदल्या दिवशी कोचीनला तो वारला.

दोन चौलांचं नातं पाहायचं तर राल्फ फिच या इंग्रज व्यापाऱ्याची नोंद बघावी. १५८३ मध्ये होरमुझला पोर्तुगीजांनी त्याला हेर समजून पकडलं आणि गोव्याला नेताना वाटेत चौलला थांबवलं. कैदी असूनही त्याची नजर बाजारावरच होती. समुद्रालगतचं शहर पोर्तुगीजांचं, सभोवती तटबंदी. थोडं वर मुसलमानांचं शहर, त्याचा राजा 'शा मालुको'. ही निजाम-उल-मुल्कची फिरंगी जिभेवर झालेली गत. मसाले, औषधी, रेशीम, चंदन, हस्तिदंत, चिनी माल यांची मोठी उलाढाल आणि नारळापासून केलेली साखर, हे सगळं त्यात येतं. वरच्या चौलात विणकरांचे माग चालत, चीनचं कच्चं रेशीम समुद्रानं येई आणि तयार कापड पुन्हा समुद्रानं जाई. बोट लागायची फिरंग्याच्या धक्क्यावर, विणकर राहायचा निजामशहाच्या गावात. दोघांपैकी एकाला वगळून दुसऱ्याचं भागत नव्हतं.

आणि तरीही दर पिढीत एकदा दोघांचे धनी एकमेकांच्या उरावर बसत.

सगळ्यांत मोठा प्रसंग १५७० च्या अखेरीचा. पाच वर्षांपूर्वी तालिकोटला विजयनगर मोडलं होतं आणि दख्खनच्या सुलतानांना आता फिरंगीही समुद्रात ढकलता येईल असं वाटू लागलं होतं. ठरलं असं, की अली आदिलशहानं गोव्यावर जायचं, मुर्तजा निजामशहानं चौलवर आणि कालिकतच्या सामुरीनं मलबारात उठाव करायचा. गोव्यात व्हाइसरॉयचे सल्लागार म्हणाले, चौल सोडून द्या, गोवा तरी वाचेल. व्हाइसरॉय लुईस द आताईद यानं ऐकलं नाही. स्वतः वेढ्यात असताना त्यानं चौलला कुमक पाठवली.

मुर्तजाच्या फौजेचा आकडा पोर्तुगीज बखरकार दीड लाखावर नेतात. असे आकडे मीठ लावूनच घ्यावेत. पण आतली माणसं हजाराच्या घरात होती आणि गावाला धड तटही नव्हता, हे खरं. किल्ला होता तो पेठेच्या एका टोकाला. त्यामुळे लढाई तटावर न होता घराघरांतून झाली. मठ, वाडे, चर्च यांचे बुरूज केले गेले. एक घर गेलं की मागच्या घराच्या भिंतीला भोकं पाडून पुन्हा बंदुका लावायच्या. समोरून निजामशाहीच्या अजस्र तोफा घरं पाडत होत्या आणि आतल्या लोकांनी त्यांची 'क्रूर', 'खाटीक' अशी बारशी करून ठेवली होती. रोज ज्याचा आवाज ऐकायचा त्याला नाव हवंच.

पण समुद्राकडची बाजू मोकळी होती. कितीही फौज आणली तरी मुर्तजाला ती बंद करता आली नाही. गोव्याहून, वसईहून दारूगोळा, धान्य, माणसं येत राहिली. मलबारच्या सामुरीचा ताफा एका रात्री खाडीत शिरला खरा, पण जम न बसता परत गेला. जूनच्या अखेरीस, पाऊस लागल्यावर, निजामशाही फौजेनं शेवटचा मोठा हल्ला चढवला. तोही परतवला गेला. जुलै १५७१ मध्ये तह झाला, जवळपास जुन्याच अटींवर.

हे असं का झालं, याची दोन उत्तरं दोन बाजूंनी दिली. पोर्तुगीज म्हणाले, तेजानं वेढलेली एक स्त्री आमच्या बाजूनं उभी असलेली शत्रूच्याच सैनिकांनी पाहिली. फेरिश्ता हा इतिहासकार अहमदनगरच्या दरबाराच्या सावलीत वाढलेला. त्याचं उत्तर अधिक घरगुती आहे. त्याच्या मते निजामशाही सरदार फितले होते आणि फितवणाऱ्या नजराण्यांमध्ये पोर्तुगीज मद्याचा वाटा मोठा होता. दिवसा तोफा डागायच्या आणि रात्री त्याच गावातून आलेली पिंपं फोडायची! यात थोडी अतिशयोक्ती धरली तरी एवढं दिसतं, की वेढ्याच्या सात महिन्यांतही दोन चौलांमधली देवघेव पुरती थांबली नव्हती.

खाडीच्या पल्याड, थेट मुखावर, कोर्लईचा डोंगर समुद्रात घुसलेला आहे. त्याच्यावर तोफा चढवल्या की खालच्या चौलात गलबत शिरणार कसं? मुर्तजाच्या भावाला, दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाला, हे सुचलं आणि त्यानं तिथे गढी उभी केली. सप्टेंबर १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तिच्यावर चाल केली. आतून सोडलेला हत्ती जखमी होऊन मागे वळला आणि ऐन दरवाज्यात कोसळला. दरवाजा लावता येईना. फिरंगी त्या धुडाला वळसा घालून आत घुसले. १५०८ मध्ये त्यांचं जहाज खुंटात अडकलं होतं, या वेळी दुसऱ्याचा दरवाजा हत्तीत अडकला.

डोंगराच्या पाठीवरून लांबट पसरलेला कोर्लईचा किल्ला मग पोर्तुगीजांनी आपल्या पद्धतीनं बांधून काढला. रेवदंड्याचा तट पुरा झाला. आता हे बंदर कोणी घेणार नाही असं वाटावं अशी तयारी झाली, आणि त्याच सुमाराला बंदरातला माल आटू लागला.

पहिलं कारण होरमुझ. १६२२ मध्ये इराणच्या शहानं इंग्रजांच्या मदतीनं ते पोर्तुगीजांकडून घेतलं. घोड्याचा नळ दुसऱ्याच्या हाती गेला. मग १६३६ मध्ये निजामशाही बुडाली, म्हणजे वरच्या चौलचा धनीच गेला. ते आदिलशाहीकडे आणि पुढे शिवाजी महाराजांच्या राज्यात आलं. तिसरं कारण समुद्रानं तीस मैलांवर वाढत होतं. पोर्तुगीजांनी लग्नाच्या आंदणात दिलेली मुंबई १६६८ मध्ये इंग्रज कंपनीच्या हाती आली. कंपनीला कापड हवं होतं, म्हणजे विणकर हवे होते. चौलचे विणकर मुंबईला येऊ लागले आणि त्यांच्यासाठी खास रांगेनं घरं बांधायचा हुकूम कंपनीनं काढला. बंदराचा कणा म्हणजे हा विणकर. तो माग उचलून निघाला तेव्हा ना तोफ वाजली, ना कोणी बखर लिहिली. चौल संपलं ते इथे, असं म्हणायला हरकत नाही.

नंतरच्या लढाया रिकाम्या होत जाणाऱ्या घरासाठी झाल्या. ऑगस्ट १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेनं चौलला वेढा घातला, तट पडला नाही. मग कान्होजी आंग्र्यांचा काळ आला. चौलच्या उत्तरेला काही मैलांवर, अलिबागसमोरच्या कुलाबा किल्ल्यातून कान्होजी समुद्रावर दस्तक आकारत होता. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे, कुलाब्यावर एकत्र चालून आले. पोर्तुगीज व्हाइसरॉय जातीनं आला. मोहीम फसली, पोर्तुगीजांनी मराठ्यांशी परस्पर तह केला आणि इंग्रज चरफडत मुंबईला परतले.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि चौलचा प्रश्नच उरला नाही. वसईशिवाय चौल म्हणजे खोडाशिवाय फांदी. शिवाय मराठी फौज गोव्याच्या साष्टीत शिरलेली होती. साष्टी सोडवायची तर काहीतरी द्यायला हवं. इंग्रजांनी मध्यस्थी केली आणि १७४० मध्ये चौल व कोर्लई मराठ्यांकडे गेले. सव्वादोनशे वर्षं जिवापाड राखलेला गाव पोर्तुगीजांनी सहीनिशी दिला. कर्तीसवरती कुटुंबं गोव्याकडे गेली.

पुढच्या शतकात खाडीत गाळ साचत गेला आणि तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या वाढत गेल्या. गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत डॉक्टरकी करणारे जुझे जर्सन द कुन्हा यांनी १८७६ मध्ये चौल आणि वसईच्या इतिहासावर पुस्तक काढलं, तेव्हा जुन्या शहराचे अवशेष शोधून नोंदवण्याची वेळ आलेली होती. आज अलिबागहून मुरूडला जाणारा रस्ता रेवदंड्याचा तट फोडून आत शिरतो. एसटीच्या खिडकीतून उजवी-डावीकडे काळे दगड दिसतात, मग घरं, मग माड. फ्रान्सिस्कन मठाचा मनोरा झाडांच्या वर डोकं काढून आहे. गाव त्याला सातखणी म्हणतं. सातांपैकी वरचे मजले कधीच पडले. याच किनाऱ्यावर शतकानुशतकं तेलघाणा चालवणारे बेने इस्रायली, शनिवारी काम बंद ठेवत म्हणून 'शनिवार तेली', त्यांचं सिनेगॉगही रेवदंड्यात आहे. वरच्या चौलात रामेश्वराचं देऊळ आणि डोंगरावर दत्त. दत्तजयंतीला जत्रेची गर्दी पायऱ्यांवर मावत नाही. निजामशाहीचं म्हणावं असं फारच थोडं उभं आहे, एक हमामखाना वगैरे.

गोव्याला जायची ज्यांची ऐपत नव्हती, ते १७४० नंतर खाडीच्या पल्याड कोर्लईच्या डोंगरापायथ्याशी राहिले. किल्ल्यावरच्या शिपायांची, चाकरांची, बाटलेल्या गरीब कुळांची ही लेकरंबाळं. चहूकडे मराठी मुलुख, पोर्तुगालशी संबंध तुटलेला. त्यांनी आपसात बोलायची भाषा तेवढी सोडली नाही. शब्द पोर्तुगीज, पण वाक्य आपल्यासारखं: कर्ता, कर्म आणि क्रियापद शेवटी. उरलेल्या महाराष्ट्रानं पोर्तुगीजांकडून पगार, चावी, बादली, बटाटा हे सुटे शब्द घेऊन आपल्या वाक्यात बसवले. कोर्लईत अख्खी पोर्तुगीज येऊन मराठीच्या बैठकीवर बसली. भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी वर्षानुवर्षं तिचा अभ्यास करून १९९६ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. बोलणारे हजाराच्या आसपास. मुलं शाळेत मराठी शिकतात आणि घरी आली की पुन्हा तिच्यात बोलतात. भाषेला त्यांनी वेगळं नाव ठेवलेलं नाही. 'नॉ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली बोली.